चवथ, सोयर आणि सदतिसावा आठवडा

प्रश्न : मी छत्तीस वर्षांची आहे. लग्नाला नऊ वर्षे झाली, दोन वर्षांच्या उपचारांनंतर आता दिवस राहिले आहेत. आम्ही पर्वरीला राहतो, मी पणजीत बँकेत नोकरी करते, बाळंतपणासाठी नावही पणजीतच घातले आहे. माहेर कुडाळचे. चवथीच्या दिवशी मला ३७ आठवडे पूर्ण होतील. सासरचे मूळ घर सत्तरीत, वाळपईपासून बरेच आत. पाच दिवसांचा गणपती, अकरा बिऱ्हाडांचा मिळून एकच. त्या दिवसांत घरात चाळीसेक माणसे आणि संडास-न्हाणी मागच्या परसात.

गेल्या चवथीला सासूबाईंनी गणपतीपुढे नारळ ठेवून सांगितले होते, ‘पुढच्या वर्षी सुनेला भरल्या पोटाने तुझ्यासमोर उभी करीन.’ त्यामुळे त्यांना नाही म्हणवत नाही. पण मागच्या तपासणीत रक्तदाब १३४/८६ आला, डॉक्टर म्हणाल्या, लक्ष ठेवू या. साखरेचे पथ्य चालू आहे, इन्सुलिन नाही. मोठ्या जाऊबाई म्हणतात, ‘आम्ही नवव्या महिन्यात नेवऱ्या (करंज्या) तळल्या.’ आजेसासूबाईंना वेगळीच काळजी. त्या मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, ‘सुयेर पडलें जाल्यार गणपतीची पुजा कोण करतलो?’ म्हणजे बाळ जन्मून सोयर लागले तर पूजा कोण करणार? तेव्हापासून मनात बसले आहे की माझ्या बाळामुळे अकरा घरांची चवथ मोडणार. तयेच्या, म्हणजे हरताळकेच्या, उपासाचे काय करू? आणि घरात गरोदर बाई असेल तर मूर्ती विसर्जन करू नये म्हणतात, तेही कोणीतरी काढले आहे. नवरा म्हणतो, ‘तू ठरव, मी आहे.’ जाऊ की नको?
— नाव छापू नये, पर्वरी

उत्तर : आधी तुझ्या नवऱ्याशी बोलते. ‘तू ठरव, मी आहे’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी तीस वर्षे ऐकले. त्याचा अर्थ असा होतो की ठरवायचे तू, आईला सांगायचे तू, आणि चवथीनंतर सहा महिने बोलणी खायची तीही तूच. घर त्याचे, आई त्याची. काय ठरले ते आईला त्यानेच सांगायचे, समोर बसून, निदान आठ दिवस आधी. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळे व्हायचे नाही.

आता तुला. वयाने तू माझ्या मुलीपेक्षा लहान, म्हणून अगं-तुगं करते. माझे मत विचारशील तर चवथीच्या दिवशी सकाळी जा, दुपारी चारच्या आत परत फीर. रात्र काढायची नाही. आणि हेसुद्धा तुझ्या डॉक्टरबाईंनी आदल्या दोन दिवसांत तपासून ‘जा’ म्हटले तरच. त्या नको म्हणाल्या तर मला पुन्हा पत्र लिहू नको, त्यांचेच ऐक.

एवढे तरी का चालेल, ते सांगते. पहिलटकरणीच्या कळा सहसा सावकाश वाढतात. पहिली कळ आली आणि तासाभरात मूल बाहेर, असे क्वचित होते. कळांपुरते बोलायचे तर सत्तरीतून पणजीला यायला वेळ मिळतो. मला भीती कळांची नाही, तुझ्या त्या १३४/८६ ची आहे. आज तो आकडा आजार नाही. १४०/९० ला पोचला आणि दुसऱ्यांदा मोजल्यावरही तिथेच राहिला की मात्र प्रकरण बदलते. पस्तिशी उलटलेली, पहिले मूल, त्यात साखर, म्हणजे रक्तदाब चढण्याची शक्यता तुला इतरांपेक्षा जास्त. आणि तो चढताना सांगून चढत नाही. सकाळी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, हसत बसलेली बाई संध्याकाळी ‘डोके फुटते आहे’ म्हणते, आणि घरचे म्हणतात, धुराने झाले असेल, झोप थोडी.

माझे स्वतःचे ऐक. १९८६ ची चवथ. ५ जुलैला मांडवीचा पूल कोसळला होता आणि पणजीहून पलीकडच्या काठाला, बेतीला, जायचे तर फेरीबोट. मला पहिल्या खेपेचे छत्तीस आठवडे झालेले, सासर पेडण्यात. जाऊ नको असे कोणी म्हटले नाही. म्हटले असते तरी मी ऐकले नसते, कारण डॉक्टर मीच. फेरीच्या रांगेत उन्हात दीड तास काढला, घरी पोचल्यावर शहाणपणा दाखवायला खोबरे किसायला बसले. पंचमीच्या रात्री सगळे पुरुष घुमट-समेळ ही वाद्ये घेऊन वाड्यावर आरत्यांना गेलेले, आणि मागच्या पडवीत माझे पाणी गेले. घरात जीप एकच, चुलत दिराची. ती अंगणात, किल्ली त्याच्या खिशात, आणि तो कोणाच्या घरी आरतीला उभा आहे ते कोणालाच ठाऊक नाही. घुमटाच्या आवाजावरून पोरे त्याला शोधत तीन घरे फिरली. तिसऱ्या घरी सापडला तेव्हा म्हणाला, ही एक आरती संपू दे.

मांडवी ओलांडायचा प्रश्नच नव्हता. म्हापशाला आझिलो इस्पितळात गेलो, पहाटे मुलगी झाली. सव्वादोन किलो. सगळे नीट झाले, पण त्यात माझी अक्कल काडीची नव्हती.

याच्या पुढचा भाग तुझ्या आजेसासूबाईंना वाचून दाखव. सकाळच्या बसने एक जण बातमी घेऊन पेडण्याला गेला. घरी फोन नव्हता. तो पोचला तेव्हा पूजा चालू होती. माझ्या सासऱ्यांनी त्याचा चेहरा बघितला, आणि त्याला पायरीवरच थांबवला. ‘आदीं आरती जावंदी, मागीर सांग.’ सोयर धरायचे ते बातमी कानावर पडल्यापासून, असा त्यांचा हिशेब. आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला, मग बाहेर येऊन म्हणाले, ‘हां, आता बोल.’ तिथून पाचव्या दिवसापर्यंतची पूजा भावकीबाहेरच्या शेजाऱ्याने केली. सासूबाईंना काळजी एकच, अर्ध्या नेवऱ्या तळायच्या राहिल्या होत्या. त्या शेजाऱ्याच्या बायकोने येऊन तळल्या. पुढे कितीतरी वर्षे आमच्याकडे वाद चालायचा की त्या वर्षीच्या नेवऱ्या जास्त खुसखुशीत झाल्या होत्या, आणि सासूबाई त्या विषयावर उठून जायच्या.

आता मोबाइल आल्याने कोणाला पायरीवर थांबवता येत नाही, हे खरे. पण भावकीत चवथीत बाळ जन्मणे ही गोष्ट नवी नाही. कुठे शेजारी पूजा करतात, कुठे मूर्ती लवकर विसर्जनाला पोचवतात. तुमच्या घरची रीत काय ते तुमच्या भटजींना आत्ताच विचारून ठेवा, आणि विचारायचे काम आजेसासूबाईंकडेच द्या. पूजेला कोण बसेल, सोवळ्यात स्वयंपाक कोण करेल, सगळे त्यांनीच ठरवावे. म्हाताऱ्या माणसाची काळजी पुष्कळदा ‘मला कोणी विचारले नाही’ एवढीच असते.

आणि एक साधी गोष्ट तुमच्या सगळ्यांच्याच ध्यानातून सुटली आहे. बाळ पणजीत जन्मले तरी सोयर सत्तरीच्या घराला लागायचेच. म्हणजे तू जाण्या-न जाण्याने त्यात काही फरक पडत नाही. जायचे की नाही याच्या हिशेबातून सोयर काढूनच टाक. आणि ‘माझ्या बाळामुळे’ हा शब्दही काढ. ते बाळ ठरवून येणार आहे थोडेच! दिलेल्या तारखेला जन्मणारी मुले शंभरात पाचेक असतात. बाकीची आपल्या सवडीने येतात.

विसर्जनाचे विचारतेस. काही घरांत गर्भार बाई असताना मूर्ती पोचवत नाहीत, बाळंतपण होईपर्यंत ठेवतात. काही घरांत असे काहीच पाळत नाहीत. वैद्यकशास्त्राचा याच्याशी संबंध नाही, घराला काय वाटते तसे करू दे. माझे म्हणणे फक्त इतकेच की तू ओल्या पायऱ्यांवर उतरायचे नाही, मूर्ती जावो की राहो.

तयेचा उपास करायचा नाही. इथे मी ‘शक्यतो’ वगैरे म्हणणार नाही. निर्जळी तर नाहीच, फळांवरचाही नको, साखर असलेल्या बाईने दिवसभर केळी आणि साबुदाणा खाणे म्हणजे उपासही नाही आणि पथ्यही नाही. कोणी नाक मुरडले तर विचार, आपल्याकडे तयेला गौरीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि पालेभाजी कशासाठी दाखवतात? पार्वतीला गरोदरपणी त्यांचेच डोहाळे लागले होते, असे मानतात म्हणून. ज्या दिवशी देवीचे डोहाळे पुरवायचे त्या दिवशी घरातल्या गर्भारशीला उपाशी ठेवायचे, हे गौरीलाही पटायचे नाही.

खाण्याचे मात्र जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण चवथीला बायका आजारी पडतात त्या पंगतीच्या वेळेमुळे. पूजा लांबते, नैवेद्याआधी खायचे नाही, आणि पान वाढेपर्यंत तीन वाजतात. तुझ्याने तेवढा वेळ निघणार नाही. घरून डबा ने. नाचणीची भाकरी, उसळ, ताक. अकराच्या सुमारास आतल्या खोलीत बसून खा, कोणाची परवानगी न मागता. पंगतीत खतखते भरपूर घे, त्यात कंद आहेत पण भाज्याही आहेत. भात एक मूद. गोडाचे एकच काय ते आधी ठरव. नेवरी घेतलीस तर मणगणे नाही, मणगणे घेतलेस तर पातोळी नाही. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत हवी, यंत्र असेल तर बरोबर ने. लोणचे-पापड पानात पडू दे, खाल्लेच पाहिजे असे नाही. पाणी पीत राहा, संडास परसात आहे म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग पोट कडक होऊ लागते. परसात जाताना कोणालातरी बरोबर घे, पावसाने शेवाळ धरलेले असते.

खाली मांडी घालून बसू नकोस, खुर्ची माग. स्टुलावर चढून माटोळीला काही बांधायचे नाही, बसल्या बसल्या सुपाऱ्यांचे घोस आणि कांगले निवडून दे. चुलीपुढे उभे राहायचे नाही. जाऊबाईंनी नवव्या महिन्यात नेवऱ्या तळल्या असतील, त्यांचा रक्तदाब त्या दिवशी कोणी मोजला होता का, हे मात्र विचारू नकोस. ‘तुमच्यासारख्या मला जमत नाहीत’ म्हण. त्या खूश, तू मोकळी.

आणि पोटावर लक्ष ठेव. एवढ्या गडबडीत बाळ हलले की नाही हे बाईला आठवतच नाही, मी स्वतः विसरले होते. अकराचा डबा खाल्ल्यावर आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवायला हवी. बहुतेकदा अर्ध्या तासातच होते. घुमटांच्या आवाजाला बाळ दचकून लाथ मारेल, त्याची काळजी नको.

गाडीबद्दल आता नवऱ्याला वाचायला दे. अंगणात गाडी सगळ्यांच्या शेवटी लावायची, तोंड रस्त्याकडे, मागे कोणाची गाडी उभी राहू द्यायची नाही. किल्ली त्याच्या खिशात नको, देवखोलीबाहेरच्या खुंटीवर. तो वाड्यावर आरत्यांना जाणार नाही. एक वर्ष नाही गेला तर गणपती रागावत नाही. त्या दिवशी घेणारही नाही, पत्त्यांच्या डावात बसणार नाही. सत्तरीत आतल्या गावांत मोबाइलची रेंज दगा देते, तेव्हा कुठल्या वळणावर मिळते ते आधी बघून ठेवायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लागला तर गावाच्या नावाबरोबर जवळचे देऊळ किंवा शाळा सांगायची, ‘आमचे मूळ घर’ म्हणून त्यांना सापडत नाही. तपासणीची फाइल, रक्तगटाचा कागद, कपड्यांची पिशवी गाडीतच. गाडीचा पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घे. वाटेत एकदा उतरून पाय मोकळे कर.

तिथे असताना डोके असह्य दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंड-हात अचानक सुजले, वरच्या पोटात दुखू लागले, रक्त गेले, पाणी गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर आरती अर्धी असली तरी उठायचे. पडून बघू, प्रसाद घेऊन जाऊ, काही नाही. रक्त जात असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर पणजीचा हट्टही नको, वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधी दाखवायचे, पुढे बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवायचे ते तेच पाठवतील.

राहता राहिल्या सासूबाई. नऊ वर्षे त्यांनी किती जणींच्या ओट्या भरल्या असतील आणि घरी येऊन काय बोलल्या नसतील, त्याचा विचार करते मी. त्यांना गणपतीपुढे तुला उभी करायची आहे, पाच दिवस राबवायची नाही. ही दोन कामे वेगळी आहेत, हे त्यांना त्यांच्या मुलाने समजावून सांगायचे. सकाळी मूर्ती बसली की लगेच, चाळीस माणसे जमायच्या आत, तू आणि त्या दोघींनी पुढे जाऊन नारळ ठेवा. नवस फिटला. बाकीचे चार दिवस त्यांनी तिथे सुखाने राहावे, तू पर्वरीला आपल्या पलंगावर, आईला कुडाळहून बोलावून.

आणि डॉक्टरबाईंनी जाऊच दिले नाही, तर सासूबाईंना म्हणावे, पुढच्या चवथीला अकरा महिन्यांचे पोर घेऊन येते. ते माटोळीतली तवशी (काकडी) ओढायला लागले की मग त्यांचे त्यांनी बघावे.

प्रश्न : माझी सून पुण्याहून चवथीला येत आहे, तिला आठवा महिना लागलेला असेल. तिच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. आमचे घर जुने, डिचोली तालुक्यात. ती शहरातली, काही बोलत नाही, हसते फक्त. मी तिच्यासाठी काय तयारी करू?
— एक सासू, डिचोली

उत्तर : वहिनी, असे विचारणारी सासू मला चवथीच्या दिवसांत तरी पहिल्यांदाच भेटते आहे.

एक दाराची खोली तिला द्या, आतून कडी लागणारी. त्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा ठेवू नका, नाहीतर दर दहा मिनिटांनी कोणीतरी ‘झोप हं तू’ म्हणत आत येतो. पलंग हवा, जमिनीवर गादी नको, त्या दिवसांत खालून उठणे म्हणजे दिव्य. संडास खाली बसायचा असेल तर वर ठेवायची प्लास्टिकची कमोड-खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते, ती आणा, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर बल्ब लावा. रात्री तिला तीन-चार वेळा उठावे लागेल. उशाला पाण्याचा तांब्या आणि चार बिस्किटे.

पुण्याहून येताना बस नको, रेल्वेने थिवीला उतरवून घ्या, किंवा गाडीने येणार असतील तर एका दमात न येता वाटेत मुक्काम करू द्या. फाइल बरोबर आणायला सांगा. म्हापशाला किंवा डिचोलीत एखाद्या डॉक्टरांकडे ती आल्या आल्या एकदा दाखवून ठेवा, म्हणजे अडीअडचणीला अनोळखी दार ठोठवावे लागणार नाही.

घरातल्या बायका तिच्या पोटाकडे बघून मुलगा की मुलगी ते सांगतील. पोट टोकदार, पोट पसरट, चेहऱ्यावर तेज, चेहऱ्यावर डाग. त्यांना तुम्हीच आवरा, सुनेला ते जमणार नाही. तिच्या पोटाला हात लावायचा तर आधी विचारायचे, हेही एकदा स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगून टाका.

ती नुसती हसते म्हणता. पहिल्या दिवशी तिला खोलीत नेऊन दार लावा आणि विचारा, ‘तुला काय खावेसे वाटते?’ आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. पिझ्झा म्हणाली तर डिचोलीत मिळतो.